शून्याखालची डाळ

मकरंद लिमये रोज सकाळी चहाच्या आधी गच्चीवर जायचे आणि पेटी पुसायचे. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. मिरजेत त्यांच्या गल्लीत कबुतरांचा फार त्रास. झाकणावरचा पांढरा लेप स्वच्छ राहिला पाहिजे आणि त्याच्यावर आभाळ मोकळं असलं पाहिजे, एवढंच त्या पेटीला लागायचं. झाकणाच्या कडेला मटाराएवढा हिरवा दिवा होता. तो हिरवाच आहे हे बघून ते खाली यायचे आणि चहाचं आधण ठेवायचे, एका कपाचं.

पेटीत त्यांच्या बायकोने, नीलिमाने केलेली आंब्याची डाळ होती आणि पन्ह्याची बाटली. माघात नीलिमा गेली. आता चैत्र लागला होता आणि डाळीला वर्ष होत आलं होतं.

"बाबा, मुदत संपतेय," बंगळूरहून ऋजुता फोनवर म्हणाली. "कंपनी एक वर्षच म्हणते. पुढे खाऊ नका म्हणते."

"कंपन्या असंच म्हणतात. चालते पुढेही."

"मग काय, तशीच ठेवणार आहात? पूजेत?"

मकरंदनी फोन दुसऱ्या कानाला धरला. मग ऋजुताच म्हणाली, "मी रजा टाकलीय. शनिवारी पोचते. आपण जाऊन येऊ. तळ्यावर."

ते कोयनेच्या फुगवट्याच्या पाण्याला घरात तळंच म्हणायचे.

*

ऋजुता शाळेत असल्यापासून लिमये दरवर्षी उन्हाळ्यात तिथे तंबू टाकायचे. कधी आठवडा, कधी दहा दिवस. मकरंद दूध शीतकरण केंद्रात नोकरीला होते, आयुष्यभर थंडावा सांभाळायचं काम केलेलं, त्यामुळे सहलीतही ते खातं त्यांच्याकडेच असायचं. आदल्या रात्री मासळीबाजारातून बर्फाची लादी आणायची, गोणपाटात घालून फोडायची, थर्माकोलच्या पेटीत खडे मीठ मारून दुधाच्या पिशव्यांभोवती दाबायची. मिठाच्या पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये आधीच गोठवलेल्या असायच्या. तिथे पोचल्यावर पेटी सावलीत, वर ओलं पोतं. झाकण दिवसातून दोनदाच उघडायचं, सकाळी आणि संध्याकाळी. मध्येच कुणी हात लावला की मकरंद कुठूनही ओरडायचे, "झाकण!"

बरोबर कधीकधी त्यांचा मित्र टिळेकर यायचा. तो म्हणायचा, "लिम्या, बायकोवर एवढं लक्ष ठेवलं असतंस तर बिचारीचं सोनं झालं असतं."

"माझं झाकण नीट बसतं हो, मला नाही राखण लागत," नीलिमा म्हणायची.

काय कधी खायचं ते नीलिमा ठरवायची. पहिल्या दिवशी दहीभात आणि बटाट्याची भाजी. दुसऱ्या दिवशी तिखटमिठाच्या पुऱ्या. मग दशम्या, चटण्या, आणि बर्फ संपला की नुसतं पिठलं. नाशवंत ते आधी, टिकाऊ ते नंतर. तिसऱ्या दिवसापासून दूध-ताक आणायला वरच्या धनगरवाड्यात हौसाबाई कोकऱ्यांकडे जायचं. हौसाबाई ताकाचं मडकं ओल्या धडप्यात गुंडाळून वाऱ्याला टांगायची. नीलिमा एकदा तिथे बसली की तासभर उठायची नाही.

आणि एक नेम होता. नीलिमाच्या आजोळचा, तिने सासरी आणलेला. प्रवासाला जे करून न्यायचं ते करताना चाखायचं नाही आणि घरी उघडायचं नाही. जिथे मुक्काम पडेल तिथे पहिला घास रानाला ठेवायचा, मग माणसांनी खायचं. त्यामुळे नीलिमा मीठमसाला अंदाजाने घालायची. वीसेक वर्षांत तिचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. टिळेकर तर पैज लावून हरला होता.

*

मकरंद निवृत्त झाले त्या वर्षी बाजारात 'हिंवाळ' नावाची पेटी आली. तिला बर्फ लागत नव्हता, जोडायला वीज लागत नव्हती. मकरंदनी माहितीपत्रक पुन्हा पुन्हा वाचलं, कारण तीस वर्षं कॉम्प्रेसरचा खडखडाट ऐकलेल्या माणसाला ते पटेना.

थंडीच्या दिवसांत, आभाळ निरभ्र असताना, सकाळी पत्र्यावर दव साचतं. पत्रा हवेपेक्षाही गार झालेला असतो. कारण प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकत असते, आणि त्यातले काही किरण असे असतात की हवा त्यांना अडवत नाही. ते थेट पृथ्वीबाहेर निघून जातात. पेटीच्या झाकणावरचा लेप नेमके तेवढेच किरण बाहेर टाकायचा आणि उन्हाचे किरण जवळजवळ सगळे परत फेकायचा. म्हणजे भर दुपारीसुद्धा पेटीची उष्णता आभाळात जात राहायची. भिंतीत निर्वात पोकळी, त्यामुळे बाहेरचा उन्हाळा आत शिरायला वाट नाही.

यापुढची करामत आतली होती. पाणी शून्याखाली गेलं की लगेच गोठतं असं नाही. गोठायला सुरुवात व्हायला त्याला एखादा कण लागतो, एखादा धक्का लागतो, ज्याच्याभोवती रेणू ओळीने उभे राहतील. पेटीच्या आत एक अगदी सौम्य विद्युतक्षेत्र रेणूंना तसं ओळीने उभं राहू द्यायचं नाही. बोटभर सौरपट्टीवर ते चालायचं. त्यामुळे अन्न शून्याच्या बरंच खाली जायचं, पण त्याचा बर्फ व्हायचा नाही. बर्फाचे स्फटिक नाहीत म्हणून खोबरं, कोथिंबीर, कैरीचा कीस जसाच्या तसा, आणि जंतू मात्र निपचित. अट एकच. मध्ये उघडायचं नाही. उघडायचं असेल तेव्हा बटण दाबून आधी पेटीला सावकाश शून्याच्या वर आणायचं, मग झाकण काढायचं. एकदा काढलं की ते साधं अन्न झालं. दुपारी काढलं तर रात्रीपर्यंत संपवायचं.

"म्हणजे तुमच्यासाठीच केलीय की," नीलिमा म्हणाली होती. "झाकणच उघडायचं नाही."

पहिल्या वर्षी तीन छोट्या पेट्या घेऊन ते तळ्यावर पंधरा दिवस राहिले. दहाव्या दिवशी श्रीखंड खाल्लं. तेराव्या दिवशी गार दूध प्यायले. धनगरवाड्यात जायची गरजच पडली नाही, आणि गरज पडली नाही म्हणून ते गेले नाहीत. येताना गाडीत नीलिमा म्हणाली, "हौसाबाईंना भेटायला हवं होतं." मकरंद म्हणाले, "पुढच्या खेपेला."

दोनचार वर्षांत घरोघर पेट्या झाल्या. ऑफिसांच्या गच्च्यांवर पेट्यांच्या रांगा दिसू लागल्या. आया मुलांना सहासहा महिन्यांचं जेवण पाठवू लागल्या. फराळ खराब होत नाही म्हटल्यावर दिवाळीला घरी आलंच पाहिजे असं राहिलं नाही. आईने भरलेली ऋजुताची पेटी गादीत बांधून कुरिअरने जायची, आणि ऋजुता फोनवर सांगायची, "आई, फेब्रुवारीत येते गं, निवांत. तोवर इकडे फराळ आहेच." 'थांबेल' हा शब्द जो तो वापरायला लागला. कशाचंही विचारलं की माणूस म्हणायचा, थांबेल की.

*

गेल्या चैत्रात नीलिमाने आंब्याची डाळ करायला घेतली ती या पेटीच्या भरवशावर. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कैरीचा कीस, ओलं खोबरं. सकाळी केलेली संध्याकाळी आंबणारी वस्तू. ही डाळ कधी सहलीला गेली नव्हती.

"तळ्यावर बसून आंब्याची डाळ आणि गार पन्हं," ती म्हणाली. "नवं लग्न झाल्यापासून मनात आहे माझ्या."

मकरंदना आठवत होतं, कैरी किसता किसता ती मध्येच स्टुलावर बसली होती. किसणी हातात तशीच. "काय गं?" "काही नाही. दमले जरा." मग उठून तिने फोडणी केली, डबा भरला, पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. रात्री गाडीच्या क्लचने कुरकुर केली. पूर्वी असं झालं असतं तर नीलिमाने कुणाचीही गाडी मागून आणायला लावली असती, कारण दहीभात वाट बघत नाही. या वेळी मकरंद म्हणाले, "पुढच्या आठवड्यात जाऊ. पेटी थांबेल." पुढच्या आठवड्यात सोसायटीची निवडणूक लागली. मग वळवाचे ढग आले. मग पावसाळाच लागला. "थंडीत जाऊ, जास्त मजा," मकरंद म्हणाले. नीलिमाने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

दिवाळीत चकल्या करता करता ती सोऱ्या हातात धरून उभी राहिली आणि याला काय म्हणतात, असं तिने विचारलं. मेंदूत गाठ निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो बघितले आणि मकरंदना विचारलं, "याच्या आधी काही जाणवलं होतं का? काही विसरणं, चुकणं? सहा महिने, आठ महिने आधी?"

"नाही," मकरंद म्हणाले. "काहीच नाही."

"लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं म्हणत असतील.

ऑपरेशननंतर तिला घरी आणलं. तोंडाला चव नव्हती. एके दिवशी दुपारी ती म्हणाली, "अहो, ती डाळ काढा ना. चमचाभर खाईन."

मकरंदना वाटलं, पेटी उघडली की संपलं. पेटी बंद आहे तोवर सहल बाकी आहे, सहल बाकी आहे तोवर नीलिमा तळ्यावर येणार आहे. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते म्हणाले, "तिथेच जाऊन खाऊ गं. नेम आहे ना तुझाच. जरा बरी हो, दुसऱ्याच दिवशी नेतो."

नीलिमाने त्यांच्याकडे बघितलं. मग ती बारीक हसली आणि त्यांच्याच आवाजात म्हणाली, "झाकण!"

पुन्हा तिने डाळ मागितली नाही.

*

शनिवारी ऋजुता आली आणि रविवारी पहाटे दोघं निघाली. पाटणच्या पुढे घाटात गाडी वळत होती तेव्हा मागच्या सीटवरची पेटी मकरंद एका हाताने धरून बसले होते.

"बाबा, पट्टा लावलाय तिला," ऋजुता म्हणाली. "माणसापेक्षा चांगला लावलाय."

"धक्का बसला तर आत गोठतं सगळं."

"माहितीय."

तळ्याचं पाणी खाली गेलं होतं. काठाची लाल माती उघडी पडली होती. पूर्वी पाच-सहा तंबू दिसायचे तिथे आता पन्नासेक होते आणि प्रत्येकाशेजारी पांढऱ्या झाकणाच्या पेट्या. सगळे आपापल्या पेट्यांपाशी. कुणी कुणाकडे काही मागत नव्हतं. ऋजुताने लांबची जागा धरली, जुन्या जांभळाखाली, आणि आईच्या पद्धतीने तंबूच्या दोऱ्या बांधल्या.

"दाबू बटण?" तिने विचारलं.

मकरंद पेटीसमोर मांडी घालून बसले होते. हात झाकणावर. "राहू दे," ते म्हणाले. "उद्या बघू."

ऋजुता त्यांच्यासमोर बसली. "बाबा, आईने मला फोनवर सांगितलं होतं. तुम्ही डाळ दिली नाहीत ते."

मकरंदनी मान वर केली नाही. "काय म्हणाली?"

"चिडली होती. म्हणाली, माझ्या हातची डाळ मलाच मिळत नाही बघ." ऋजुताने खालचं वाळकं पान उचललं. "मी हसले. मला वाटलं, तुमचं दोघांचं नेहमीचं चाललंय. मी म्हटलं, आई, मी पुन्हा आले की काढायला लावते त्यांना. आणि मी फेब्रुवारीचं तिकीट काढलं. जानेवारीचं मिळत होतं."

समोर पाण्यावर बगळे बसले होते. मकरंदनी झाकणावरचा हात उचलला आणि स्वतःच बटण दाबलं. हिरवा दिवा पिवळा झाला.

पेटी सावकाश शून्याच्या वर येत होती. दिवा विझला तेव्हा ऊन जांभळाच्या बुंध्यापर्यंत आलं होतं. मकरंदनी झाकण काढलं. वास आला. कैरीचा, हिंगाच्या फोडणीचा, कढीलिंबाचा. वर्षापूर्वीच्या त्या दुपारी स्वयंपाकघरात होता तोच, जरासुद्धा शिळा नाही. ऋजुताने तोंडावर हात धरला.

डाळ पिवळीधमक होती. वर कोथिंबीर हिरवी. चमच्याने सारखी केल्याची खूण तशीच होती, मधून वळून कडेला आलेली.

मकरंदनी पहिला घास जांभळाच्या पानावर काढून पाण्याच्या काठी ठेवला. मग दोघांच्या वाट्या भरल्या. ऋजुताने पन्हं ओतलं. ग्लासांना बाहेरून लगेच घाम आला.

त्यांनी घास घेतला. ऋजुताने घेतला. दोघंही चावत राहिली.

"बाबा," शेवटी ऋजुता म्हणाली, "मीठ नाहीये."

मकरंदनी दुसरा घास घेतला. मग तिसरा, डब्याच्या तळातून. नव्हतंच. कैरी होती, खोबरं होतं, मिरची होती. मीठ कणभरही नव्हतं.

"विसरतं माणूस एखाद्या वेळी," ऋजुता घाईने म्हणाली.

"ती नाही."

"बाबा, कुणीही..."

"ती नाही विसरत." त्यांनी वाटी खाली ठेवली. "डॉक्टरांनी विचारलं होतं मला. आधी काही चुकलं होतं का. मी नाही म्हटलं. आणि हे गच्चीवर होतं. रोज पुसत होतो मी वरून."

गेल्या चैत्रात ठरल्या दिवशी निघाले असते तर याच झाडाखाली त्यांनी पहिला घास खाल्ला असता. वीसेक वर्षांत पहिल्यांदा अंदाज चुकलेला. टिळेकर बरोबर असता तर त्याने तळ्याभर ओरडून सांगितलं असतं. नीलिमा ओशाळली असती, किसताना आपण का बसलो ते तिला आठवलं असतं. कदाचित पुढे काहीच झालं नसतं. मीठ मागून घेतलं असतं, हसले असते आणि विसरले असते. पण कदाचित नीलिमा म्हणाली असती, अहो, मला हल्ली जरा असंच होतंय. मकरंदना यातलं काय झालं असतं ते कधीच कळणार नव्हतं.

"मीठ आणलंयस?" त्यांनी विचारलं.

"नाही. सगळं तयारच भरून आणलंय पेट्यांत." ती उठली. "त्या तंबूवाल्यांना विचारते."

"त्यांच्याकडेही नसेल. वर हौसाबाईंकडे असेल."

*

धनगरवाड्याची पायवाट गवतात बुजली होती. दोनदा चुकून मग ती सापडली. मकरंदच्या हातात डबा होता. झाकण न लावता आणलेला, वर नुसतं पान. ऋजुताने पन्ह्याची बाटली घेतली होती.

हौसाबाई अंगणात बाभळीच्या शेंगा वाळत घालत होती. पाठीत वाकली होती, पण तिने लांबूनच ओळखलं.

"अगं बया! बर्फवालं सायेब! वाट इसरला व्हता व्हय? आन ही लेक का? केवढी झाली!" तिने घोंगडं झटकून टाकलं. "बसा, बसा. आता खालचं कुणीच वर येत न्हाई. समद्यास्नी डब्यातच मिळतंय. माझं ताक कुणाला पायजे?" मग तिने त्यांच्यामागे वाटेकडे बघितलं. "आन वैनी? दमल्या व्हय मागं?"

मकरंदनी डब्यावरचं पान सारखं केलं. ऋजुता म्हणाली, "आई गेली, मावशी. माघात."

हौसाबाई होती तशी उभी राहिली. मग खाली बसली आणि जमिनीवर तळवा टेकला. "मी दर उन्हाळ्याला बघत व्हते की वं," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, येतील. आज न्हाई तर उंद्या."

कोंबड्या शेंगांमधून फिरून गेल्या.

"मावशी, चिमूटभर मीठ पाहिजे होतं," मकरंद म्हणाले. "तिच्या हातची डाळ आहे. मीठ राहिलंय."

हौसाबाईने आतून मीठ आणलं. हातावर दिलं नाही, पानावर ठेवलं. मकरंदनी ते डाळीत घातलं आणि बोटांनी कालवलं. तीन पानांवर डाळ वाढली. हौसाबाईने घास तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला.

"वैनींच्याच हाताची," ती म्हणाली. मग तिने डोळे उघडून पानाकडे नीट बघितलं. "ताजी हाय की वं. कवा केली म्हणायची ही?"

मकरंदनी आपला घास खाल्ला. आता चव जमली होती.

"तिने वेळेवर केली होती, मावशी," ते म्हणाले. "आम्हीच उशिरा आलो."